जसूची प्लेट

"बेन, हिच्या छातीचा फोटो काढा. आणि जरा चांगला काढा हं!"

शकरीनं लेकीला माझ्या खोलीत ढकललं आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली. दुपारचे बारा-सव्वाबारा झाले असतील. सकाळची गर्दी ओसरली होती आणि मी डबा उघडायच्या बेतात होते.

"छातीचा फोटो चांगला-वाईट नसतो, शकरीबेन," मी म्हटलं. "आत असेल तसा निघतो. लग्नाचा फोटो आहे का हा, पावडर लावून काढायला?"

"लग्नाचाच आहे," शकरी म्हणाली.

जसू ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. एकोणीस वर्षांची पोर, हसायला तिला कारण लागायचं नाही. पण शकरी हसत नव्हती. तिच्या हातात एक चुरगळलेलं पोस्टकार्ड होतं, ते तिनं माझ्यासमोर धरलं. तिला वाचता येत नव्हतं. बोळातल्या कुणाकडून तरी वाचून घेतलेलं, तेच तिला माझ्याकडून पुन्हा ऐकायचं होतं. पत्र जसूच्या होणाऱ्या सासूचं होतं. मुलीच्या छातीची प्लेट काढून, डॉक्टरची सही घेऊन आठ दिवसांत दाखवा, नाहीतर ठरलेलं मोडलं असं समजा.

ही खंभातची गोष्ट. चाळीसहून जास्त वर्षं झाली. मी मूळची बडोद्याची, शिर्क्यांची. बडोद्यात मराठी माणसांना तोटा नाही, पण खंभातला आमच्या बाजूला माझ्याशी मराठी बोलणारं औषधालाही सापडायचं नाही. एका धर्मादाय दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी मिळाली आणि मी गेले. वय अठ्ठावीस, लग्न जमत नव्हतं, आणि घरी भावजयीचं नाक मुरडणं रोज कोण सोसणार! तिथे माझी इंदुमतीची इंदुबेन झाली आणि शकरीच्या घरावरच्या माडीत मी बिऱ्हाड केलं.

एके काळी म्हणे त्या गावाला कुठकुठली जहाजं लागायची. मी गेले तेव्हा समुद्र गाळ टाकून टाकून पार लांब सरकला होता. बंदर गेलं, नवाबी गेली, राहिली ती सुतरफेणी, पतंग आणि अकीक. अकीक म्हणजे तो लाल-तपकिरी दगड, अंगठीत घालतात, माळा करतात. राजपिपळ्याकडून गोणीच्या गोणी यायच्या. दगड आधी महिनोन्‌महिने उन्हात टाकायचा, मग मडक्यात घालून शेणीत भाजायचा, की तो लाल चढतो. मग फोडायचा आणि चाकावर धरून घासायचा. आमच्या बोळात हे घासायचं काम घरोघर चालायचं. घासणाऱ्याला घसिया म्हणत. चाक फिरलं की पांढरी धूळ उडायची ती तुळशीवर बसायची, रोटल्यावर बसायची, पाळण्यातल्या पोराच्या गालावर बसायची. घसियाच्या भुवया पांढऱ्या, मग त्याचं वय पंचवीस का असेना.

शकरीचा नवरा छोटूभाई आदल्या वर्षी गेला, अडतिसाव्या वर्षी. त्याच्या आधी त्याचा बाप, तसाच. खोकून खोकून, शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. बोळातला प्रत्येक जण याला टीबीच म्हणायचा. आमच्या दवाखान्यातल्या कागदावरही टीबीच लिहिलं जायचं, कारण टीबीच्या गोळ्या तरी होत्या. दगडाच्या धुळीवर गोळीच नव्हती, मग लिहून काय उपयोग! दर मंगळवारी आणि शुक्रवारी आणंदहून येणारे डॉक्टर मला म्हणायचे, "इंदुबेन, ही धूळ आहे. पण सांगून काय करू? चाक बंद करा म्हणू? मग खातील काय?" असं करत करत ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. आणि तेच नाव आता जसूच्या लग्नाच्या आड आलं होतं.

मुलगा पेटलादच्या बाजूच्या गावातला. अंबालाल. भाजीची वाडी होती त्यांची. गोळ-धाणे खाऊन झाले होते, म्हणजे बोलणी पक्की झाली होती, आणि मग कुणीतरी सोयऱ्यानं त्याच्या आईच्या कानात सोडलं की त्या घरात बाप-लेक दोघं टीबीनं गेलेत. तिच्या घरात दीड वर्षाची नात. ती बाई घाबरली, यात तिचं काय चुकलं?

"या बोळात दिली तर चाकावरच बसेल ना बेन," शकरी मला म्हणाली. "मी बसले, माझी सासू बसली. हिला आठव्या वर्षापासून बसवलं, मीच बसवलं. तिकडे चाक नाही. तिकडे वांगी आहेत. वांग्यांची कुठे धूळ उडते?"

"बरं बरं. जसू, ये इकडे. हनुवटी वर. खांदे पुढे घे. श्वास घे, धर... धरून ठेव... सोड."

"मासी, आत काय दिसतं?" जसूनं विचारलं. ती मला मासी म्हणायची, मावशी.

"अंबालाल दिसतो ना. वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन उभा आहे."

"जा, मासी!"

मी हसत हसतच अंधाऱ्या खोलीत गेले.

प्लेट धुऊन लाल दिव्यापुढे धरली आणि माझं हसू तिथेच राहिलं. दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, बारीक बारीक ठिपके. थाळीत रवा सांडावा तसे. मला डॉक्टरची गरज नव्हती. त्या गावात मी तीन वर्षांत असल्या शेकडो छात्या पाहिल्या होत्या. छोटूभाईची तर महिन्या-महिन्याला पाहिली होती. ही त्याचीच सुरुवात होती. पोरीला अजून खोकलाही नव्हता, जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, आणि आत हे असं. खरं सांगते, त्या पोरीवर माझा फार जीव होता. संध्याकाळी मी घरी आले की ही वर येऊन माझ्याकडून मराठी शिकायची. 'वरणभात' म्हणताना तिची जीभ अडखळायची आणि मग आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

मी बाहेर आले आणि जसूला कोपऱ्यावरून माझ्यासाठी दही आणायला पिटाळलं. ती गेल्यावर शकरीला म्हटलं, "बसा."

ती बसली नाही. "आहे?"

"आहे. थोडं आहे, पण आहे."

"त्यांना होतं तेच?"

"तेच."

मला वाटलं ही आता टाहो फोडेल. पण ती प्लेटकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "हे पुसता येत नाही का?"

"शकरीबेन, ही काय पाटी आहे?"

"मग तिकडे गेली की होईल साफ. इथे रोज नवीन धूळ, म्हणून राहते. तिकडे धूळ नाही, मोकळी हवा, विहिरीचं पाणी. मी सोबत गुळाची ढेप देईन. रोज गूळ खाल्ला की सगळं धुऊन निघतं."

घसियांची ही ठाम समजूत. चाकावरून उठले की गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळानं घसा सुटतो, छाती नाही, हे मला माहीत होतं. पण धूळ थांबली तर निदान वाढणं तरी थांबेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा वाटून घेतलं.

आणि पुढचं मला कुणी सुचवलं नाही. शकरीनं नाही, कुणीच नाही. ते माझ्याच डोक्यातून निघालं.

माझ्या टेबलाच्या खणात एक प्लेट होती. त्या जानेवारीत मशीन बिघडलं होतं आणि दुरुस्तीला आलेल्या माणसानं तपासायला म्हणून माझ्याच छातीचा एक्स-रे काढला होता. प्लेट उत्तम निघाली. तिच्यावर नाव-गाव काही नव्हतं. मी ती नमुना म्हणून ठेवली होती. चांगली छाती कशी दिसते ते लोकांना दाखवायला, काळी स्वच्छ, एक ठिपका नाही. नाव घालायचं काम माझंच असायचं, पांढऱ्या शाईनं, कोपऱ्यात.

मी खण उघडला, दौत घेतली आणि लिहिलं: जसोदा छोटूभाई, वय १९.

शकरी बघत होती. वाचता येत नसलं तरी काय चाललंय ते तिला कळलं. तिनं माझे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला, मी तिला मध्येच धरलं.

"जसूला सांगायचं नाही, बेन," ती म्हणाली. "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. अंबालालला पहिल्याच दिवशी सांगून मोकळी होईल."

"नाही सांगणार."

दही घेऊन जसू आली तोवर तिची खरी प्लेट माझ्या पिशवीत गेली होती. दुसऱ्या दिवशी मी ती चुलीत घातली.

"मासी, कशी आहे माझी छाती?"

"आरशासारखी," मी म्हटलं.

मंगळवारी डॉक्टर आले. त्यांच्यापुढे चाळीस प्लेटा होत्या. जसूची म्हणून ठेवलेली त्यांनी उजेडावर लावली, जरा थांबले. "अरे वा!" ते म्हणाले. "तुमच्या बोळात एक तरी छाती शाबूत आहे, इंदुबेन." आणि सही करून पुढची प्लेट लावली.

सासू स्वतः न्यायला आली. समुबा तिचं नाव. उंच, उन्हानं रापलेली, मोठ्या आवाजाची बाई. मी मनात म्हटलं होतं, असेल कुणी कजाग, बरी फसवली. पण ती कजागबिजाग काही नव्हती. दवाखान्याच्या अंगणात तिनं प्लेट उन्हाकडे धरली, ती उलटी. मी सरळ करून दिली. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं डोळे पुसले.

"वाईट वाटून घेऊ नका बेन," ती मला म्हणाली. "मुलगी मला पहिल्या दिवशीच आवडली होती. पण घरात नात आहे हो. टीबी घरात आणून कसं चालेल? बाकी लंगडी-लुळी असती तरी केली असती, माझा अंबू तिच्यावरच अडून बसलाय. टीबी नाही ना, एवढंच मला बघायचं होतं."

"टीबी नाही," मी म्हटलं.

आणि हे खरंच होतं! जसूला टीबी नव्हता. तिला दगड होता, आणि दगड काही नातीला लागत नाही. तेव्हाच सांगता आलं असतं. तिथेच, त्या अंगणात, त्या बाईला, की बाई, हे दुसरंच आहे, पसरत नाही, पण पोरीला ओझं उचलायला लावू नका. माझ्या मनात ते आलंसुद्धा. पण प्लेट तिच्या हातात होती आणि प्लेटवर माझी छाती होती. आता कुठून सुरुवात करणार? मी तिनं आणलेली सुतरफेणी खाल्ली.

वैशाखात लग्न झालं. जसू निघाली तेव्हा बोळातल्या सगळ्या बायका स्टेशनापर्यंत आल्या, पांढऱ्या भुवयांच्या आणि नव्या साड्यांच्या. अंबालाल अबोल मुलगा, सारखं तिचं गाठोडं आपल्या हातात घ्यायला बघत होता. गाडी सुटली तेव्हा शकरी माझ्या कानाशी म्हणाली, "सुटली बेन. माझी एक तरी सुटली." त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता! आपण जन्मात एक चांगलं काम केलं, असं वाटलं. बडोद्याला भावाला पत्रात लिहिलंसुद्धा की आमच्या मालकिणीच्या मुलीचं फार छान झालं.

पहिल्या दिवाळीला ती आली ती चांगली होती. दुसऱ्या दिवाळीला आली तेव्हा जिन्यात मध्येच थांबली. मी वरून बघत होते. कठड्याला धरून उभी राहिली, दहा-बारा श्वास घेतले, मग चढली. वर आल्यावर तीच हसरी जसू, पण गालफडं बसलेली.

"काय गं हे? जेवत नाहीस का?"

"तिकडचं पाणी लागलं नाही, मासी."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं ना. गावात येतात एक. मी त्यांना माझी प्लेट दाखवली, जपून ठेवलीय मी ट्रंकेत. ते म्हणाले, छाती एकदम साफ आहे, रक्त कमी आहे. टॉनिक दिलंय."

मी स्टोव्हला पिन मारत राहिले.

"बा बोलते कधीकधी," ती पुढे सांगायला लागली. बा म्हणजे सासू. "तिचंही बरोबर आहे. मी वांग्याची टोपली डोक्यावर घेतली की शेताच्या अर्ध्या वाटेत बसते. जाऊबाई दोन टोपल्या नेते. बा म्हणते, शहराची पोर, कामाला नको. आधी मला राग यायचा. पण खरंय ते, मासी. छाती साफ आणि तरी दम लागतो, म्हणजे माझ्या अंगातच आळस भरलाय. आता मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठते. विहिरीवरून चार घागरी आणते. सवय केली की होईल."

मी बोलायला हवं होतं. तिथल्या तिथे, तिचा हात धरून. मी काय केलं? चहा केला. तिला आवडायचा तसा, वेलदोडा घालून.

ती झोपल्यावर मात्र मी खाली गेले. भर दुपार होती. शकरी चाकावर बसली होती.

"शकरीबेन, सांगू या आता. मी सांगते, सगळं माझ्यावर घेते."

तिनं चाक थांबवलं. "सांगितलं तर काय करतील?"

"औषधपाणी करतील. काम लावणार नाहीत."

"परत पाठवतील. फसवलं म्हणतील आणि परत पाठवतील. मग बसेल कुठे?" तिनं शेजारच्या रिकाम्या चाकाकडे बोट केलं, छोटूभाईच्या. "तुमची नोकरी जाईल ती वेगळीच. राहू द्या बेन. मी गूळ देते सोबत."

तिनं तसं म्हटलं आणि मला हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं खरं. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, मला तर रोजच खवखवत होतं, आणि तरी कुणीतरी 'राहू द्या' म्हणावं एवढीच वाट मी बघत होते. तीन दिवसांनी जसू परत गेली. स्टेशनावर तिची पिशवी मी उचलली, ती नको नको म्हणत होती.

पुढच्या श्रावणात तार आली, जसूला मोठ्या दवाखान्यात नेलंय म्हणून. शकरी धावत गेली. तिला तिथे पोचायला उशीर झाला आणि तिच्या हाती फक्त लेकीच्या बांगड्या लागल्या.

अंबालाल आला तो तेराव्यानंतर आठवड्यानं. शुक्रवार होता, पण डॉक्टर त्या दिवशी आले नव्हते. मी एकटीच होते. दारात आधी शकरी दिसली आणि तिच्या मागे तो. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळे आणखीच लहान दिसत होता. त्याच्या काखेत दोन मोठी पाकिटं होती. मी ती बघितली आणि स्टुलावर बसले.

"मासी, तुम्हाला एक विचारायचंय," तो म्हणाला. जसू म्हणायची म्हणून तोही मासी म्हणायचा.

"विचार."

त्यानं दोन्ही प्लेटा काढल्या आणि माझ्या दिव्यावर शेजारी-शेजारी लावल्या. एक काळी, स्वच्छ. दुसरी वरपासून खालपर्यंत पांढरी झालेली. आत हवेला जागाच उरली नव्हती.

"ही त्या दवाखान्यात शेवटी काढली. तिथले डॉक्टर म्हणाले, टीबी झालाय, आणि दोन्ही बाजू संपल्यात. किती वर्षं आजारी आहे, म्हणाले. मी म्हटलं, आजारी कुठे, नुसता दम लागायचा. काय काम करते, म्हणाले. मी सांगितलं, वाडीत भाजीचं. मग मी त्यांना लग्नाआधीची प्लेट दाखवली. ते म्हणाले, मग हे सगळं दोन वर्षांतच झालंय."

चाकाचं त्यानं सांगितलंच नव्हतं. त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. चाकामुळे काही होतं हे त्याला कुणी सांगितलं होतं?

"ती मला शेवटपर्यंत म्हणत होती, मला काही झालं नाही, माझी प्लेट साफ आहे," तो म्हणाला. "पहाटे उठून घागरी आणायची. मी म्हणायचो राहू दे, तर म्हणायची, बसून राहिले की आळस वाढतो."

शकरीनं पदर तोंडात कोंबला.

"बानं अन्न सोडलंय, मासी. सारखं तेच बोलते. मी त्या पोरीला कामचुकार म्हटलं, मी टोपल्या उचलायला लावल्या, मीच मारलं. मी तिला समजावलं की असं नसेल. फोटोत कधी चूक होत असेल. किंवा बघणाऱ्यानं नीट बघितलं नसेल. आली तेव्हाच आत काही असेल, आपल्याला कळलं नसेल." तो थांबला. "तुम्ही काढली होती ना प्लेट? तुम्ही सांगा. तिला आधीपासून होतं का? असेल तर सांगा, मी कुणावर रागावणार नाही. तिच्यावर तर नाहीच. बाला फक्त एवढं सांगता आलं पाहिजे की आपल्या घरात नाही झालं."

एक शब्द पुरला असता. 'हो' म्हटलं असतं तर तो पोरगा सुटला असता, गावाकडे उपाशी बसलेली ती म्हातारी सुटली असती. मला हे तेव्हाही कळत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. पण मला डॉक्टरची सही दिसत होती. चौकशी दिसत होती, पोलीस दिसत होते, बडोद्याच्या घराच्या दारात उभी असलेली भावजय दिसत होती. मी शकरीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "प्लेट बरोबर आहे. तुमच्याकडे आली तेव्हा ती साफ होती."

दिव्यावरच्या प्लेटा त्यानं काढल्या, एकेक करून पाकिटात घातल्या.

"मग आमच्याच घरी झालं," तो म्हणाला.

मी दिवा बंद केला.

"तुम्ही खरं सांगितलंत, मासी. दुसऱ्या कुणी माझं मन राखायला काहीतरी सांगितलं असतं."

मग तो वळला आणि शकरीच्या पायाशी गुडघे टेकून बसला. कपाळ तिच्या पायांवर ठेवलं. तिचे पाय कामावरून तसेच आलेले, घोट्यापर्यंत पांढरे.

"तुमची निरोगी पोर नेली आणि आम्हाला सांभाळता आली नाही," तो रडत म्हणाला. "मला माफ करा, मा. बालाही माफ करा."

शकरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली नाही. तेवढंच काय ते केलं मी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी बोलेन म्हणून की बोलणार नाही म्हणून, मला आजतागायत कळलेलं नाही. मग ती खाली वाकली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊठ, बेटा," ती म्हणाली. "केलं माफ."